पोरगं अभ्यासाला बसतं, पण डोक्यात शिरत नाही

"ताई, ह्याला जरा समजावून सांगा." विहारातल्या अभ्यासिकेत अशी एखादी आई आमच्याकडे येतेच. समजावणं म्हणजेच समुपदेशन, असं आपण धरून चालतो. दवाखान्यात नर्स होतो तेव्हा आम्हीही तेच करायचो. दोन मिनिटं सल्ला, की पुढचा पेशंट.

नववीतला एक मुलगा असाच आला. आधी त्याचे डोळे तपासून घेतले, कारण फळा दिसत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. डोळे ठीक होते. मग दोन दिवस अभ्यासाचं नावच काढलं नाही, नुसतं ऐकलं. न टोकता, न तोलता ऐकण्याची ही रीत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९४२ साली त्यांनी ती पुस्तकात मांडली. तिसऱ्या दिवशी पोरगं बोललं. 'मला गणित येणारच नाही' हे मनात पक्कं बसलेलं. शिवाय वर्गात कुणीतरी शिष्यवृत्तीवरून 'फुकटे' म्हटलेलं.

आता नुसतं ऐकून भागत नाही. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचार तपासून पाहण्याची पद्धत घडवली, ती इथे घेतली. येणारच नाही, याला पुरावा काय? वही उघडली. अपूर्णांक बरोबर, भूमिती बरी. समीकरणात चिन्ह बदलताना घोटाळा. म्हणजे दुखणं एवढंच.

'फुकटे' या शब्दाला मात्र ही पद्धत लावायची नाही. तो मनाचा खेळ नव्हता, घडलेला अपमान होता. 'मनावर घेऊ नकोस' म्हणणं म्हणजे पू न काढता वर पट्टी बांधणं. त्याच्या आईवडिलांना घेऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो, लेखी तक्रार दिली. काहींना हे समुपदेशन वाटत नाही. आम्हाला वाटतं.

मग सवय. रोज ठरल्या वेळी वीस मिनिटं. धडा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग पडताळायचं. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवलेलं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत दिसलं. शाबासकी त्याच दिवशी द्यावी, निकालाची वाट पाहू नये.

मूल जेवेनासं झालं, झोपेना, मरणाची भाषा करू लागलं, तर मात्र अभ्यास बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर आम्ही अभ्यासिकेच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.