काश्मीरात बर्फ, कोकणात ऊन, आपल्याकडे गारा: एकाच अंदाजात कसं?



फेब्रुवारी-मार्चमध्ये हवामान खात्याच्या अंदाजात हे तिन्ही कधी कधी एकदम येतं. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ पाडतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलावा विदर्भ-मराठवाड्यात पोचला, की खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड हवा. मग विजा, वादळ, गारपीट. कोकणात समुद्रावरचा वारा उशिरा सुटला, की पारा 37 च्या पुढे.

म्हणून बर्फाची बातमी लांबची समजू नका. लगेच आपल्या जिल्ह्याचा अलर्ट बघा.
यलो: लक्ष ठेवा.
ऑरेंज: तयारीत राहा.
रेड: लगेच हालचाल करा.

काढलेला हरभरा, गहू ताडपत्रीखाली घ्या. विजा कडाडताना झाडाखाली थांबू नका, जनावरंही बांधू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी फोनात दामिनी ॲप ठेवा.