बोन स्कॅनमधला प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो

"बोन स्कॅनमध्ये काळे डाग आलेत, म्हणजे हाडांत पसरलाच!" फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाचे नातेवाईक हे वाक्य फार खात्रीने बोलतात. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचण्याआधीच तो व्हॉट्सॲपवर फिरलेला असतो आणि कुणी मेहुण्याने 'चौथी स्टेज' जाहीरही केलेली असते.

अहो, बोन स्कॅनला कॅन्सर दिसतच नाही! त्याला दिसते ती हाडाची डागडुजी. टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एमडीपी नावाचं औषध शिरेतून देतात, २ ते ४ तास थांबवतात आणि मग गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेतात. जिथे नवं हाड घडत असतं तिथे हे औषध जास्त साचतं. कॅन्सरने पोखरलेल्या मणक्यात ते साचतं हे खरं. पण झिजलेल्या गुडघ्यात, ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यात, पडल्यावर मोडलेल्या बरगडीतही साचतं. शेजारशेजारच्या बरगड्यांवर एका रेषेत ठिपके दिसले, तर आधी 'कधी पडला होतात का?' हे विचारायचं असतं. सत्तरीच्या माणसाच्या सांगाड्यात एकही डाग नसणं हेच नवल.

डाग म्हणजे कॅन्सरच, हा गैरसमज महागात पडतो. फुप्फुसातली गाठ काढता येण्याजोगी असताना एका डागापायी ऑपरेशन नाकारलं, तर बरं होण्याची संधीच गेली. म्हणून युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या 'एस्मो' या संस्थेची मार्गदर्शिका सांगते, की दूर पसरल्याची एकच जागा दिसत असेल तर शक्यतो तिथला तुकडा तपासून खात्री करा. निदान त्या जागेचा सीटी किंवा एमआरआय तरी हवाच.

उलट बाजूही आहे. स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. कॅन्सर हाड नुसतं खात सुटला आणि डागडुजी झालीच नाही, तर डाग उमटत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये असं घडतं. पेट-सीटी हाडाची डागडुजी नव्हे, तर पेशी किती साखर खेचतात ते दाखवते; ती उपलब्ध असेल तिथे डॉक्टर तीच निवडतात, त्याचं हेही एक कारण. अर्थात तिच्यातही जंतुसंसर्ग चमकतो.

आणखी दोन समज. 'उपचारानंतर डाग वाढले, म्हणजे औषध लागू पडलं नाही.' नेहमीच नाही. भरून येणारं हाडही सुरुवातीचे काही महिने जास्त उजळतं.

'रुग्णाला घरात वेगळं ठेवायचं.' गरज नाही. टेक्नेशियम किरणोत्सर्गी असलं, तरी त्याचा अर्धायुकाल ६ तासच, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मं होतं. भरपूर पाणी प्यायचं, वारंवार लघवीला जायचं. तान्ह्या बाळापासून किती वेळ दूर राहायचं, ते मात्र तिथेच विचारून घ्या.

आणि स्कॅनला जाताना जुन्या फ्रॅक्चरचे एक्स-रे सोबत न्या. 'त्याचा काय संबंध?' म्हणून ते कपाटातच राहतात.