यंत्राच्या नजरेबाहेरचे नृत्य

१९६९ साली जपानातील ओसाका प्रांती कागेमासा कोझुकी यांनी ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याचा व दुरुस्त करण्याचा जो व्यवसाय आरंभिला, त्यातूनच पुढे 'कोनामी' ही खेळयंत्रे बनविणारी कंपनी उदयास आली. आणि नाणे टाकून गाणे ऐकविणाऱ्या यंत्राच्या या वारसदाराने तीन दशकांनंतर श्रोत्यालाच नाचावयास उभे केले, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी मला वाटत नाही.

पायांनी खेळण्याची कल्पना नवी नव्हती. बंडाई कंपनीची 'फॅमिली ट्रेनर' ही चटई १९८६ सालीच जपानी घरांत पोहोचली होती. पण तिच्यावर मुख्यतः धावावे, उड्या माराव्या. उलट मासाया मात्सुउरा यांच्या 'पाराप्पा द रॅपर'मध्ये (१९९६) व कोनामीच्या 'बीटमॅनिया'मध्ये (१९९७) लय होती, पण ती बोटांच्या स्वाधीन होती. १९९८ साली कोनामीच्याच 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'ने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. पडद्याच्या तळातून वर सरकणारे बाण माथ्यावरील स्थिर बाणांशी ज्या क्षणी जुळतील, नेमक्या त्याच क्षणी पायाखालची त्या दिशेची चौकट दाबावयाची. डावी, उजवी, पुढची, मागची, एवढ्या चारच चौकटींत हा सारा प्रपंच सामावलेला.

यंत्राला कळे ते इतकेच, की कोणती चौकट केव्हा दाबली गेली. हात कोठे गेले, कंबर कशी लवली, खेळाडूचे तोंड पडद्याकडे होते की पाठ, यांपैकी कशाचीही नोंद त्याच्या दफ्तरी होत नसे. आणि माझ्या मते या खेळाचे सारे वैभव यंत्राच्या या अज्ञानात होते. कारण बाणांचा क्रम मुखोद्गत करून पडद्याकडे पाठ फिरविणारे, गिरकी घेता घेता गुडघ्याने वा तळहाताने चौकट साधणारे जे 'फ्रीस्टाइल' खेळाडू जपान-अमेरिकेच्या आर्केडांत निपजले, त्यांचे नृत्य यंत्राने मोकळ्या सोडलेल्या या मुलखातच फुलले, आणि त्याची पारख भोवती जमलेल्या अनोळखी माणसांनी केली. दुसरा पंथ गुणांच्या उपासकांचा. पाठीमागच्या दांड्याचा आधार घेऊन अचूकतेचा ध्यास धरणारा. नाओकी माएदा यांचे 'मॅक्स ३००' हे मिनिटास ३०० ठोक्यांचे गीत २००१ साली अवतरले ते जणू त्यांच्या कसोटीसाठीच.

१९९९ साली हा खेळ प्लेस्टेशनवरून घरी आला, तेव्हा धातूच्या भक्कम चौथऱ्याची जागा मऊ चटईने घेतली. ती पायाखाली सरके, म्हणून हौशी मंडळी तिला लाकडी फळीवर जखडून टाकीत. मात्र प्रेक्षकांची गर्दी घरात आणण्याचा इलाज कोणापाशीही नव्हता. त्याच वर्षी दक्षिण कोरियात अँडामिरो कंपनीने 'पंप इट अप'मध्ये चार तिरक्या चौकटी व एक मधली अशी पाचांची मांडणी केली. अमेरिकेत रॉक्सर कंपनीचे 'इन द ग्रूव्ह' २००४ साली आले, कोनामीने त्यावर दावा गुदरला, आणि २००६ च्या तडजोडीत त्याचे हक्क कोनामीच्याच पदरी पडले.

पुढे घरगुती खेळाने चटईची संगत सोडली. २००९ सालच्या 'जस्ट डान्स'मध्ये वी यंत्राचा रिमोट हाती धरावयाचा असे, व गुण मिळत ते त्या हाताच्या हालचालीचे. पूर्वी यंत्राला केवळ पाय ठाऊक होते, आता एक हात तेवढा ठाऊक झाला. पुढच्याच वर्षी हार्मोनिक्सच्या 'डान्स सेंट्रल'ने किनेक्ट कॅमेऱ्याच्या साह्याने अखिल देह न्याहाळला आणि चुकलेला अवयव पडद्यावरील आकृतीत लाल करून दाखविला. गुरूच्या करड्या नजरेखाली पदन्यास गिरविण्याचा लाभ त्यात खचितच होता. पण नर्तकास स्वतःचे असे काही योजण्याची मुभा तेथे फारच थोडी उरली. किनेक्टचे उत्पादन २०१७ साली बंद झाले.

२०१८ साली कोनामीने आर्केडसाठी 'डान्सरश स्टारडम' आणले, त्यात चार चौकटींचे कुंपणच काढून टाकले आहे: एक अखंड, प्रकाशमान फरशी, आणि तिच्यावरून पाऊल आपटण्याऐवजी घसरत नेण्याची रीत. हात मात्र तेथेही खेळाडूचे स्वतःचेच राहिले आहेत.