उशिराचा हिशेब

मार्च-एप्रिलच्या रात्री वडूजहून उत्तरेला पाहिलं की सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्याच तारकासमूहाच्या दिशेला एक क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र, आहे; साध्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतून मात्र दोनदा दिसतो. १९७९ साली दोन्ही ठिपक्यांचा वर्णपट जुळला आणि उलगडा झाला: मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे वाकलेला प्रकाश दोन वाटांनी येतोय. क्वेसारचं तेज कमीजास्त होतं. एका प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसरीत ४१७ दिवसांनी दिसतो.

या उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या रेफ्सदाल यांनी १९६४ सालीच मांडलं होतं. समजा, वडूजहून साताऱ्याला दोन एसट्या एकदम सुटल्या. एक पुसेगाव-कोरेगाववरून, दुसरी औंध-रहिमतपूरवरून. नकाशावर दोन्ही रस्ते आहेत, पण नकाशाला प्रमाण नाही. गाड्यांचा वेग ठाऊक असेल, तर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ते प्रमाण निघतं.

आकाशात प्रतिमांमधले कोन हा आपला नकाशा. दीर्घिकेजवळून जाताना गुरुत्वामुळे प्रकाश रेंगाळतो, तेवढं जास्तीचं धरायचं. मग अंतरं मिळतात, वर्णपट लाल बाजूला किती सरकला (ताम्रसृती) त्याच्याशी ती ताडली की वेग. विश्व झपाट्याने प्रसरत असेल, तर तेवढ्याच ताम्रसृतीला अंतर कमी भरतं आणि उशीरही कमी.

उशीर मोजायला चिकाटी लागते. लडाखमधल्या हान्लेच्या दुर्बिणीचीही मदत घेऊन दुसऱ्या एका क्वेसारच्या जोड-प्रतिमेचा उशीर ११९ दिवस ठरला, त्यामागे वर्षानुवर्षांची निरीक्षणं आहेत. पण खरी मेख आहे दीर्घिकेच्या वजनात. तिच्यातलं कृष्णद्रव्य दिसत नाही, आणि ते वेगळ्या रीतीने पसरलेलं धरलं तरी प्रतिमा तशाच दिसतात, उशीर मात्र बदलतो. सहा क्वेसारांवरून दर मेगापार्सेकला सेकंदाला ७३.३ किलोमीटर असा आकडा आला होता. प्लँक उपग्रहाच्या मोजणीवरून येतो ६७.४. वजनाबद्दलची गृहीतकं २०२० साली सैल केली, तेव्हा दोन टक्क्यांच्या आसपास असलेली अनिश्चितता आठ टक्क्यांवर गेली. इतक्या ढिल्या पट्टीने या दोन आकड्यांमधला वाद मिटत नाही.

म्हणून आता अतिनवताऱ्यांवर नजर आहे. त्यांतल्या 'एक-ए' प्रकाराचं मूळ तेज ठाऊक असतं, त्यामुळे भिंगासारखं काम करणाऱ्या मधल्या दीर्घिकेने ते किती वाढवलं हे कळतं आणि वजनाचा अंदाज आवळता येतो. २०१६ साली असा एक चार प्रतिमांत सापडला. सध्या पुण्याच्या आयुकात असलेल्या अनुप्रीता मोरे आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तर उशीर भरला एका दिवसाहून कमी! एवढ्याशा फरकावर वेग काढणं कठीण. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या दहा वर्षांच्या पाहणीत जास्त उशिराचे अतिनवतारे हाती लागतील, अशी अपेक्षा आहे.