दार जड झालं म्हणजे हँडल गेलं?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत कॉन्झर्व्हेटरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘हँडल गेलंय, नवं टाकायला हवं.’ कॉन्झर्व्हेटरी म्हणजे घराच्या मागच्या अंगाला, बागेकडे काढलेली काचेची खोली. 1980 आणि 90च्या दशकांत तिकडे यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक पीव्हीसी प्लॅस्टिकच्या, चौकटीत अशा खोल्या घरोघर उभ्या राहिल्या. आज जुनं घर विकत घेतलं की ती खोली, तिचं दोन पल्ल्यांचं दार आणि त्या दाराचं दुखणं असं सगळं एकदमच पदरात पडतं. दुखणं ठरलेलं असतं. कुलूप लावण्यासाठी हँडल वर उचलायचं, तर ते उचलतच नाही. खांदा लावून दार रेटायचं, दोन्ही हातांनी हँडल ओढायचं, तेव्हा कुठे किल्ली फिरते. मग निदान होतं की हँडल बिघडलं. नवं मागवतात, बसवतात, आणि दार होतं तितकंच जड राहतं. त्यानंतर कुणीतरी विक्रेता येऊन सांगतो की अख्खं दारच बदला, आणि लोक तेही ऐकतात!

हे निदान बहुतेक वेळा साफ चुकीचं असतं. हँडल ही नुसती मूठ आहे. तिच्यातून 8 मिलिमीटरचा एक चौकोनी दांडा दाराच्या आत जातो आणि तिथल्या गिअरबॉक्सला फिरवतो. गिअरबॉक्स पल्ल्याच्या कडेला बसवलेली उभी पट्टी वर-खाली सरकवतो आणि त्या पट्टीवरचे आकडे, रोलर किंवा खिट्ट्या चौकटीतल्या खाचांत जाऊन अडकतात. एका हालचालीत तीन-चार ठिकाणी दार पकडलं जातं, म्हणून याला मल्टिपॉइंट लॉक म्हणतात. हाताला जो जडपणा जाणवतो तो या साखळीत कुठेही असू शकतो. मूठ हाताशी असते, म्हणून दोष तिच्या माथी मारला जातो, एवढंच.

खरा दोष शोधायला हत्यार लागत नाही, पैसेही लागत नाहीत. दार सताड उघडा आणि ते तसंच उघडं असताना हँडल वर उचला. आकडे सहज बाहेर आले, किल्लीही हलकी फिरली, तर तुमचं हँडल ठणठणीत आहे आणि गिअरबॉक्सही. दोष चौकट आणि पल्ला यांच्या जुळणीत आहे. दार उघडं असतानाही हँडल अडत असेल, तर गिअरबॉक्सकडे बघा. ही चाचणी न करता हँडलची ऑर्डर देणाऱ्यांची मला खरोखर चीड येते, कारण ती करायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता जुळणी का बिघडते ते बघू. 4 मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला 10 किलो भरते. दुहेरी काचेच्या पल्ल्यात चौरस मीटरभर काच असेल तर नुसत्या काचेचंच वजन 20 किलो झालं. हे सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबतं. ते पेलावं म्हणून काच बसवताना पल्ल्याच्या आत प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकतात : बिजागरीकडे तळाच्या कोपऱ्यात आणि कुलुपाकडे वरच्या कोपऱ्यात. काच मग कर्णरेषेत दाबून बसते आणि पल्ल्याला चौकोनी ठेवते. पाचरी सरकल्या किंवा मुळात नीट ठोकल्याच नसल्या, की पल्ला कुलुपाच्या बाजूला खाली उतरतो. आकडा खाचेत शिरण्याऐवजी तिच्या कडेवर घासायला लागतो.

याचा पुरावा डोळ्यांना दिसतो. चौकटीवरच्या धातूच्या खाचा उजेडात नीट पाहा. आकडा जिथे घासतो तिथे चकाकणारा ओरखडा असतो. तो खाचेच्या खालच्या कडेला असेल तर पल्ला उतरलेला आहे.

दुसरं कारण ऊन. पीव्हीसी उष्णतेने पोलादाच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतं. नुसत्या पीव्हीसीची दोन मीटरची पट्टी तापमान 30 अंशांनी वाढलं की सुमारे 4 मिलिमीटरने लांबते. पल्ल्याच्या आत पोलादी पट्टी घातलेली असेल तर ही वाढ कमी होते, पण शून्य होत नाही. कॉन्झर्व्हेटरी दिवसभर उन्हात तापते. दार सकाळी सुरळीत लागत असेल आणि जुलैतल्या दुपारी अडत असेल, तर कारण हे आहे. दुनियेतलं कुठलंही नवं हँडल त्यावर उपाय नाही.

उपाय बिजागऱ्यांवर आहे. अनेक बिजागऱ्यांना ॲलन कीने फिरवायचे स्क्रू असतात आणि त्यांनी पल्ला वर-खाली किंवा आडवा सरकवता येतो. थोडं फिरवायचं, दार लावून बघायचं, पुन्हा थोडं फिरवायचं. तेवढ्याने भागलं नाही तर काचेच्या पाचरी पुन्हा बसवाव्या लागतात. त्यासाठी मात्र जाणकार माणूस बोलवा, कारण काचेच्या कडेच्या पट्ट्या काढताना काच तडकू शकते.

यातलं काहीच न करता जी मंडळी रोज जोर लावून हँडल उचलत राहतात, त्यांना कळकळीने सांगतो, थांबा. गिअरबॉक्सचे आतले भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. रोजच्या रेट्याने ते एक दिवस तुटतात, आणि दार बंद असताना तुटले तर ते उघडणं हे कुलूपवाल्याचं काम होऊन बसतं.

हँडल खरोखर दोषी असतं ते वेगळ्या लक्षणाने ओळखू येतं. हात सोडल्यावर ते आडवं न राहता खाली लोंबतं. याचा अर्थ स्प्रिंग गेली. पण इथेही एक मेख आहे : काही दारांत स्प्रिंग हँडलच्या पट्टीत असते, तर काही जुन्या दारांत गिअरबॉक्समध्ये. ती गिअरबॉक्समधली गेली असेल तर बिनस्प्रिंगचं नवं हँडल पहिल्याइतकंच लोंबेल. अशा ठिकाणी स्प्रिंगचं हँडल मागवा.

‘सगळी हँडलं सारखीच असतात’ हा दुसरा गैरसमज, आणि परत पाठवलेल्या पार्सलांचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला पीझेड म्हणतात. ब्रिटनमध्ये ते बहुतेकदा 92 मिलिमीटर असतं, पण 68, 70 आणि 85चीही दारं आहेत. पीझेड जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर कुठे 122 असतं, कुठे 211, कुठे 215. 211 आणि 215 डोळ्यांना एकच वाटतात, पण तेवढ्या 4 मिलिमीटरने स्क्रू भोकात जात नाही. मग लोक दारात नवं भोक पाडतात आणि ड्रिलचं टोक नेमकं गिअरबॉक्समध्ये घुसतं. मोजपट्टी लावून, मिलिमीटरमध्ये, हँडल काढून मोजा. पट्टीची लांबी-रुंदीही लिहून ठेवा, नाहीतर जुन्या पट्टीखालचा न पिवळलेला भाग आणि जुनी भोकं उघडी पडतात.

हँडल बदलायला परवानगी किंवा प्रमाणपत्र लागत नाही. ती दुरुस्ती आहे. स्क्रू जितका घट्ट तितकं चांगलं, हेही खोटं. पॉवर ड्रिलने आवळलेला स्क्रू पट्टी वाकवतो आणि नवं कोरं हँडल अडकायला लागतं, तेव्हा साधा स्क्रूड्रायव्हर वापरा. काम चालू असताना दार उघडंच ठेवा. किल्लीच्या भोकात स्वयंपाकघरातलं तेल घालू नका. त्यावर धूळ चिकटते, तिथे कोरडं ग्राफाइट किंवा पीटीएफई चालतं.

आणि हँडल वर उचललं म्हणजे कुलूप लागलं, असं समजून झोपणाऱ्या घरांची मला खरी काळजी वाटते. उचलल्याने आकडे फक्त खाचांत जातात. किल्ली फिरवली नाही आणि दाराला बाहेरूनही मूठ असेल, तर बाहेरच्या माणसाने ती खाली दाबली की ते आकडे परत आत येतात आणि दार उघडतं.

सुरक्षिततेचा आणखी एक धागा थेट हँडलशी जोडलेला आहे. किल्ली जाते तो सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर डोकावत असेल, तर चोर त्याला पकडून मधोमध तोडतो. ब्रिटनमध्ये घरफोडीची ही पद्धत इतकी माहितीची आहे की तिच्यासाठी टीएस 007 हे वेगळं मानक तयार झालं. त्यात तीन तारे मिळवायचे दोन मार्ग आहेत : तीन ताऱ्यांचा सिलिंडर, किंवा एका ताऱ्याचा सिलिंडर आणि त्याला झाकणारं दोन ताऱ्यांचं हँडल. जुनी जाड पट्टी काढून पातळ, दिसायला नाजूक पट्टी बसवली की काल झाकलेला सिलिंडर आज बाहेर येतो. तो 3 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर असता कामा नये. कॉन्झर्व्हेटरीचं दार घराच्या मागे, रस्त्यावरून न दिसणारं असतं. म्हणून नवं हँडल बसवल्यावर बाहेर जाऊन तेवढं अंतर मोजा, आणि जास्त भरलं तर योग्य लांबीचा सिलिंडर त्याच आठवड्यात बसवून घ्या.