बेंजोच्या गावात जॅझ

जॅझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मंद दिवे, काळा कोट, सॅक्सोफोन आणि कॉफीचं बिल बघूनच घाम फुटेल असं हॉटेल. बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत उभं राहून कुणी जॅझचं नाव काढलं, तर मोबाइल रिचार्ज करणारा दादाही म्हणेल, 'हे काय नवीन?' इथून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला एखादी मैफल ऐकायला जायचं तर अर्धा दिवस एसटीत जातो. मैफल संपल्यावर रात्र कुठे काढायची, हा प्रश्न वेगळाच. पण ज्याला जॅझ वाजवणं म्हणतात त्यातलं बरंचसं भाद्रपदात आपल्या दारावरून वाजत जातं. आपण त्याला बेंजो म्हणतो.

जरा आठवा. विसर्जनाची मिरवणूक आहे. बेंजोवाला एखाद्या गाण्याचा मुखडा वाजवतो. पहिल्या चार सुरांतच सगळे गाणं ओळखतात, शिट्ट्या पडतात. मग तो गाणं सोडून भलतीकडेच जातो. ढोलकीवाला मध्येच एक तुकडा टाकतो, ताशा त्याला उत्तर देतो, कीबोर्डवाला खालून सूर धरून ठेवतो. चौकात पोरं तापली की तोच तुकडा पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. किती वेळा? आधी काहीच ठरलेलं नसतं. मान हलली की सगळे एकदम मुखड्यावर परत. न्यू ऑर्लिन्समधले जॅझवाले यापेक्षा फार वेगळं काही करत नव्हते. ओळखीची चाल, मग प्रत्येकाची आपापली पाळी, मग परत चाल. तेही रस्त्यावर, लग्नात आणि अंत्ययात्रेतसुद्धा. बँडच्या मागे नाचत चालणाऱ्या गर्दीला तिकडे 'सेकंड लाइन' म्हणतात. आपल्याकडे तिला काही नाव नाही, पण गर्दी तीच.

वाद्याच्या नावाची गंमत तर आणखी वेगळी. आपला बेंजो नावाने अमेरिकन आणि घराण्याने जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेलं 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य बनवलं. भारतात त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप बसवून स्पीकरला जोडलं की झाला बेंजो. अमेरिकेतला गोल बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून आला. १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने 'हॉट फाइव्ह' हा बँड रेकॉर्डिंगसाठी उभा केला, तेव्हा त्यात जॉनी सेंट सिर हाच बँजो वाजवत होता.

आता प्लेलिस्टकडे येऊ. 'नवीन काय ऐकू?' असं कुणी विचारलं तर मी आधी 'अ‍ॅज वुई स्पीक' (२०२३) सांगेन. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीर हुसेन यांचा तबला. ज्यांचे कान बेंजोवर तयार झालेत त्यांना यातला बँजो आधी फारच सभ्य वाटेल. थोडं थांबा. बँजो आणि तबला एकमेकांची वाक्यं पुरी करायला लागतात, तिथे मजा आहे. दुसरा अल्बम 'शक्ती'चा 'धिस मोमेंट', तोही २०२३ चाच. जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, झाकीरभाईंचा तबला आणि आवाज शंकर महादेवनचा, म्हणजे 'कट्यार'मधले आपले पंडितजी. फेब्रुवारी २०२४ मध्ये झाकीरभाईंना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले, ते या दोन अल्बमच्या जोरावर. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. त्यामुळे हे अल्बम नुसते बॅकग्राउंडला लावून अभ्यास करू नका. हेडफोन घाला आणि एकदा फक्त तबला ऐका.

तिसरा अल्बम थोडा जुना आहे, पण बोर्लीकरांनी तो ऐकायलाच हवा. सारथी कोरवार हा ड्रमर. पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्यात आला आणि तबल्यातच रमला. त्याच्या 'डे टू डे' (२०१६) मध्ये गुजरातमधल्या रतनपूरचे सिद्दी कलाकार गातात, वाजवतात, आणि त्यांच्याभोवती सॅक्सोफोन, गिटार आणि ड्रम्स फिरतात. सिद्दी हा शब्द आपल्याला नवा नाही. दिघीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे गेलं की जंजिरा. श्रीवर्धनचा हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांच्या संस्थानातच होता. रतनपूरच्या सिद्दींची वाट वेगळी आणि जंजिऱ्याच्या सिद्दींची वेगळी, पण दोन्ही वाटा समुद्रापलीकडे आफ्रिकेतच जातात. आफ्रिकेतली काही माणसं अटलांटिक ओलांडून गेली आणि पुढे तिथे जॅझ झाला. काही अरबी समुद्र ओलांडून इकडे आली. 'डे टू डे'मध्ये हे दोन्ही किनारे एकत्र वाजतात. शाळेच्या सहलीत जंजिरा पाहिला तेव्हा आम्हाला तोफांची नावं सांगितली गेली. या माणसांच्या ढोलाबद्दल कुणी काही बोललं नाही.

बरं, नुसता बेंजोच कशाला? शक्ती-तुऱ्याच्या बारीत समोरच्याने टाकलेला प्रश्न तिथल्या तिथे पद्यात परतवायचा असतो. जॅझमध्ये दोन वादक चार-चार बारचे तुकडे एकमेकांवर फेकतात, त्यातली खुन्नस हीच. शिमग्याला पालखीपुढे खालूबाजा असतो, कोळीवाड्यातल्या हळदीला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाला ब्रास बँड असतो. हे सगळं 'लोककला' या एका खणात टाकून आपण मोकळे होतो, आणि जॅझ म्हणजे 'क्लास'. माझ्या मते फरक एवढाच आहे की जॅझवाल्यांचं वेळेत रेकॉर्डिंग झालं आणि त्यावर नावं छापली गेली.

नावं न छापण्याचं काय होतं, ते आपल्याच सिनेमात दिसतं. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा स्टुडिओत असायचे. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांच्यातलेच. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा ज्या तालावर नाचले, तिथे सी. रामचंद्रांच्या चालींना या हॉटेलातल्या जॅझचा तडका आहे. चिकचं नाव निदान राहिलं. बाकी कितीतरी वादकांची नावं तबकडीवर आलीच नाहीत. नरेश फर्नांडिस यांना 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकासाठी मुंबईच्या जॅझचा जमाना शोधून काढावा लागला.

आपल्या बेंजोवाल्यांचं आज तेच चाललंय. एकीकडे डीजे आहे. त्याला रियाझ लागत नाही, आणि एका माणसात काम होतं. आठ-दहा जणांची पार्टी, त्यांचा टेम्पो, त्यांचं जेवण हा हिशेब मंडळाच्या खजिनदाराला नकोसा होतो. दुसरीकडे मुंबईत चाकरमान्यांच्या नमन-जाखडीचं हक्काचं ठिकाण असलेलं परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. आणि यूट्यूबवर बघा. बेंजोचे ढिगाने व्हिडिओ, शीर्षकात मंडळाचं नाव, गावाचं नाव, कधी अध्यक्षांचा फोटोसुद्धा. हात मात्र ज्याचे दिसतात त्याचं नाव नाही. या सीझनला कुठली पार्टी कुठल्या गावात वाजवणार, हे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते चोवीस तासांत उडतं.

तेव्हा येत्या गणपतीत मुंबई-पुण्याहून गावी आलात की फोन स्पीकरच्या तोंडासमोर धरू नका, सगळा आवाज फाटतो. दहा-पंधरा पावलं बाजूला उभे राहा, आणि दहा सेकंदांचं रील करण्यापेक्षा एक गाणं मुखड्यापासून मुखड्यापर्यंत पूर्ण घ्या. मिरवणूक चहाला थांबेल तेव्हा पार्टीतल्या एखाद्या काकांना गाठा. कुणाकडे शिकलात, हा बेंजो कुठून आणला, तारा कुठल्या लावता, एवढं विचारा. अपलोड करू का, हेही विचारा. मग खाली वर्ष लिहा, गाव लिहा, बेंजोवाल्याचं नाव लिहा. आणि ढोलकीवाल्याचंही.