इंजिन गेले, बॅटरी आली

पेट्रोल मोटारीतला अवघड भाग म्हणजे इंजिन. ते बनवण्याचे कसब जुन्या कंपन्यांनी कित्येक दशके खपून मिळवले, म्हणून नवख्यांना या धंद्यात शिरकाव कठीण होता. विजेच्या मोटारीत मात्र सर्वांत महाग भाग असतो बॅटरीचा. चीनमधील बीवायडी ही १९९५ साली बॅटऱ्या बनवण्यासाठीच निघालेली कंपनी. मोटारींकडे ती वळली २००३ मध्ये. तिच्या 'ब्लेड' बॅटरीत (२०२०) लिथियम-लोह-फॉस्फेट असते. महागडे कोबाल्ट व निकेल लागत नाही. दर किलोमागे ऊर्जा मात्र कमी साठते. म्हणून लांब, पात्यांसारखे घट मधल्या डब्यांविना थेट पेटीत रचले; त्याच जागेत जास्त घट मावले. २०२३ मध्ये आलेली तिची स्वस्त 'सीगल' मोटार याच बॅटरीवर धावते. इंजिनात मुरलेल्यांना आता रसायनशास्त्र गिरवावे लागते आहे. मग जुन्या कसबाचे, कारागिरांचे काय? वर्गात जरूर चर्चा घडवावी.